मास्तरांच्या मापातली झाडं

जनार्दन मास्तर माणसाच्या तोंडाकडे कधीच बघत नसत. समोर कुणी आलं की त्यांची नजर आधी कमरेवर जायची, तिथून खाली घोट्यापर्यंत, मग परत वर येऊन खांद्यापाशी थांबायची. त्याच्या वर काय आहे याच्याशी त्यांना काही कर्तव्य नव्हतं. "या चौतीस," ते म्हणायचे, "बसा. डावा खांदा उतरलाय तुमचा. पिशवीचा हात बदला." आमच्या बुवापाड्यातल्या गल्लीत निम्म्या लोकांची नावं त्यांना येत नव्हती, पण मापं सगळ्यांची तोंडपाठ होती. एकदा कुणाचा तरी पाहुणा कांबळ्यांचं घर विचारत आला, तर मास्तरांनी त्यालाच उलट विचारलं, "तीस कमरेचे कांबळे की चाळीस?"

पाहुणा तिथूनच परत गेला म्हणतात. मी काही बघितलं नाही, पण मला खोटंही वाटत नाही.

मास्तर उल्हासनगरला, तीन नंबर कॅम्पात एका जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्तर होते. सकाळी शेअर रिक्षात ड्रायव्हरच्या बाजूला अर्धे बाहेर लोंबकळत जायचे आणि संध्याकाळी कापून उरलेल्या निळ्या पट्ट्यांची थैली घेऊन यायचे. सगळी हयात पँटी कापण्यात गेल्यामुळे जगातल्या सगळ्या गोष्टी त्यांना कारखान्यातल्यासारख्याच दिसत. कुणाचं लग्न ठरलं की "कच्चा टाका पडला". लग्न लागलं की "पक्की शिलाई". आणि कुणी वारलं की मास्तर टेप गुंडाळत शांतपणे म्हणायचे, "डिलिव्हरी झाली." हे ऐकून नवख्या माणसाला आधी हसू यायचं आणि मग घरी जाताना ते जरा मागे लागायचं.

बाकी जे काही अपुरं असेल, त्याला त्यांचा एकच शब्द. "ट्रायल बाकी आहे."

त्या वर्षांत लो वेस्ट जीन्सची साथ आली होती. मास्तरांना ते दुःख फार. "सिंधी सेठ बोलतो, मास्तर, दो इंच नीचे लो," ते सांगायचे. "मी बोललो, साईं, और कितना नीचे लूं? बेंबीच्या खाली गेली पँट, आता कंबरच उरली नाही. माणूस उभा कशावर राहणार?"

त्यांचा मुलगा मिलिंद माझ्याच वर्गात होता. आम्ही दोघं इतके सारख्या अंगाचे, की शाळेत मागून मास्तर लोक हाका मारताना चुकायचे. बारावीनंतर बापाने त्याला कटिंग टेबलाशी उभं केलं, त्याला ते करायचं नव्हतं, एक दिवस शब्दाला शब्द वाढला आणि मिलिंद विठ्ठलवाडी स्टेशनकडे चालत गेला तो पुन्हा आलाच नाही. ना फोन, ना कुणाकडून निरोप. लीलाकाकी, म्हणजे त्याची आई, त्यानंतर दोन पावसाळे काढून गेली. मास्तर एकटे उरले आणि त्यांनी बाग केली.

बाग म्हणजे घराची मागची भिंत आणि नाल्याची भिंत यांच्यामधला एक चिंचोळा पट्टा. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने आडवं व्हावं एवढाच. तिथे झाड वाढवायचं तर त्याला चपटंच वाढवायला पाहिजे. मास्तरांनी लोखंडी पाइप रोवले, त्यांच्यावर आडव्या तारा ताणल्या आणि वांगणीच्या बाजूच्या एका नर्सरीतून ठेंगण्या जातीची कलमं आणली. पेरू, डाळिंब, लिंबू, सीताफळ. फांदी कोवळी असतानाच तारेवर आडवी करायची आणि निळ्या जीन्सच्या पट्टीने बांधायची. समोर किंवा मागे येणारी फांदी कापायची. खालच्या तारेला ते "कमरेची तार" म्हणायचे आणि वरच्या तारेला "खांद्याची तार". छाटणीला कारखान्यातलीच जुनी मोठी कात्री.

थोड्या वर्षांत झाडं तयार झाली. माणसाच्या उंचीची, भिंतीला पाठ लावून दोन्ही हात पसरून उभी. टेलरकडे माप द्यायला उभे राहतात ना, तशी. खांद्याच्या वर मात्र मास्तर काहीच वाढू देत नसत. शेंडा आला की कात्री. मी एकदा विचारलं, "मास्तर, वर थोडं वाढू द्या की. फळं जास्त धरतील."

"डोक्याचं माप आम्ही घेत नाही," मास्तर म्हणाले.

आता पाण्याचं. आमच्याकडे नळ एक दिवसाआड यायचा, तोही रडतखडत. घरातले हंडे भरून झाले की बागेला काय उरणार? यावर मास्तरांनी जो उपाय काढला तो उल्हासनगरात आयुष्य काढलेल्या माणसालाच सुचावा. त्यांनी जुनी पँट घेतली, दोन्ही पाय खालून डबल शिलाईने बंद केले, शिलाईवर मेण घासलं. पायात तळाला वाळू, वर नारळाचा काथ्या भरला. कमरेत जाड तारेची रिंग घालून ती पँट झाडाच्या बुंध्याच्या दोन बाजूंना दोन पाय येतील अशी कमरेच्या तारेवर टांगली. नळ आला की कमरेतून पाणी ओतायचं. ते काथ्यातून, वाळूतून मुरत मुरत पावलापाशी येऊन थेंब थेंब मुळाला पडत राहायचं, पुढचा नळ येईपर्यंत. पाणी वाया म्हणून जायचं नाही.

उपाय नामी होता. फक्त दिसायला भयंकर होता. खाली भरलेले दोन पाय, वर पसरलेले दोन हात, मधे पानांचं अंग आणि डोकं नाही. अशी एक रांगच्या रांग भिंतीला लागून उभी. कावळा तिकडे फिरकत नसे. पोपट पेरूला चोच लावत नसत. जीन्सचा रंग उतरून खालची माती निळसर झाली होती. पाणी भरलं की सकाळी ते पाय ताठ असायचे आणि जसजसं पाणी उतरेल तसा एकेक गुडघा हळूच वाकायला लागायचा. दिवेलागणीला सगळी रांग उभी राहून थकल्यासारखी दिसायची.

एकदा विजेचं मीटर बघायला नवीन माणूस आला. मीटर मागच्या भिंतीला. भारनियमनाची वेळ, घरात अंधार, मागे बाहेरून येईल तेवढाच उजेड. आम्हाला त्याचा आवाज ऐकू आला, "काका, जरा बाजूला व्हा ना. रीडिंग घेतो." थोड्या वेळाने पुन्हा, जरा चढ्या आवाजात, "अहो काका, तुम्हालाच बोलतोय." मग त्याने काकांच्या मांडीला हात लावला असावा. मांडी ओली आणि गार. तो जो पळाला, तो चप्पल तिथेच टाकून. पुढे कितीतरी महिने आमच्या गल्लीला अंदाजेच बिलं येत होती.

पँटी कुणाच्या, हे सुरुवातीला कुणी विचारलं नाही. कारखान्यातला खराब माल असेल असंच सगळे धरून चालले होते. उलगडा झाला तो शिंद्यांमुळे.

शिंदे आमच्या समोरचे. कंपनीत फिटर. एक दिवस छातीत कळ आली आणि गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले आणि मागे राहिले त्यांचे कपडे. गेलेल्या माणसाचे कपडे ही मोठी पंचाईत असते. घरात ठेववत नाहीत, टाकवत नाहीत, आणि ओळखीचा माणूस ते घालून समोर फिरलेला बघवत नाही. मास्तर शिंदेवहिनींच्या दारात गेले, दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाले, "वहिनी, एक पँट द्या. नेहमीची. अंगाचं वळण बसलेली."

वहिनींनी दिली. आठवड्याभरात ती पँट बागेत पेरूखाली उभी राहिली. शिंदे उभे राहायचे ते एक गुडघा जरा दुमडून, सगळा भार डाव्या पायावर टाकून. मास्तरांनी पँट तश्शीच टांगली होती. आमचं घर मास्तरांना लागूनच; वहिनींनी आमच्या मागच्या खिडकीतून ते बघितलं आणि भिंतीला धरून खाली बसल्या. आम्हाला वाटलं आता मास्तरांचं काही खरं नाही. पण त्या उठल्या, तोंड धुतलं आणि तडक मागे बागेत गेल्या.

त्यानंतर त्या रोज जायला लागल्या. पेरूसमोर उभ्या राहून बोलायच्या. सासू काय म्हणाली, गॅसचा नंबर लागला की नाही, सगळं. कधी रागवायच्यासुद्धा. "किती गळता हो! काल तर मास्तरांनी भरलंय तुम्हाला!" पहिले पेरू आले तेव्हा गल्लीत कुणी हात लावेना. कापला तर आतून निळा निघेल अशी आवई उठली होती. वहिनींनी सगळ्यांसमोर कचकन चावा घेतला आणि म्हणाल्या, "गोड आहेत आमच्या ह्यांचे."

मग आम्हाला एकेक दिसायला लागलं. डाळिंबाखाली आधीच गेलेल्या पवारदादांची खाकी पँट. त्यांचा एक हात अपघाताने आखडलेला होता, तर डाळिंबाची उजवी फांदी मास्तरांनी तेवढीच आखूड ठेवलेली. लिंबाखाली पँट नव्हती, कारण ते लिंबू म्हणजे लीलाकाकी आणि काकींनी जन्मात पँट घातलेली नव्हती. तिथे त्यांचा परकर खालून शिवून, घेरदार भरून टांगला होता. प्रत्येक झाड ज्याचं त्याच्या मापात होतं. खांदा, बाहीची लांबी, कंबर, सगळं इंचाला इंच. मास्तरांनी माप कधी कुठे लिहून ठेवलं नाही. एकदा टेप लागली की ते डोक्यात राहायचं.

आणि आता माझी गोष्ट.

दर दिवाळीच्या आधी मास्तर मला हाक मारायचे. "सुध्या, ये, उभा राहा." मी उभा राहायचो. ते टेप काढायचे, पूर्ण माप घ्यायचे, दोन दोनदा घ्यायचे आणि म्हणायचे, "जा." बस. शिवत काहीच नसत. मिलिंद गेल्यापासून हे दरवर्षी चाललं होतं. मी नोकरीला लागलो, माझं लग्न ठरून मोडलं, मला टक्कल पडायला लागलं, तरी माप चुकलं नाही. म्हातारा माणूस, सवय असेल, म्हणून मी कधी विचारलं नाही.

त्या वर्षी एप्रिलमध्ये एका दुपारी त्यांनी मला मागे पाइप धरायला बोलावलं. एक पाइप कलला होता. मी तो धरला, मास्तर पक्कड आणायला घरात गेले आणि मी त्या रांगेत एकटा उरलो. लाइट गेलेले. कुणाकडे पंखा नाही, टीव्ही नाही, सगळी गल्ली चिडीचूप. ऐकू येत होते ते फक्त थेंब. शिंद्यांचे वेगळे, पवारांचे वेगळे. वारा अजिबात नव्हता आणि तरी माझ्या बाजूलाच पवारांचा गुडघा हळूहळू वाकला.

मी एक पाऊल मागे सरकलो आणि पाठ कशाला तरी टेकली. सीताफळाचं झाड होतं. शिंदे आणि पवार यांच्यामधलं. टेकलो तर खांद्याला बरोबर खांद्याची तार. सहज हात पसरले, तर फांद्या माझ्या मनगटापाशी संपत होत्या. कमरेला कमरेची तार, अगदी पट्टा बांधावा तशी. जिथे माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा वर आहे, तिथे तारच तिरकी केलेली. मी खाली बघितलं. ह्या एकाच झाडाखाली काहीच टांगलेलं नव्हतं. जागा मोकळी होती.

मी पाइप सोडून घरी आलो. पळालो नाही, पण चाललोही नाही.

कुणाला सांगणार नव्हतो. पण मे महिन्यात मला कावीळ झाली. डोळे पिवळे, अन्न नको, आठवड्यात अंग निम्मं झालं. तापाच्या भरात मी आईला म्हटलं, "मास्तरांनी माझं झाड लावलंय. पँट तेवढी लावायची राहिलीय." आईने सगळं काढून घेतलं. आमची आई तशी देवधर्म, भूतखेत काही न मानणारी. नवस करणाऱ्या बायकांना ती तोंडावर हसते. पण त्या दिवशी तिने डोक्यावरचा पदर खोचला, माझ्या अंगावर शाल टाकली आणि मला हाताला धरून मास्तरांच्या दारात उभं केलं. भावासारखे मानलेले मास्तर, पण ती "जयभीम" म्हणायलाही थांबली नाही.

"मास्तर, ते सीताफळाचं झाड तोडा."

मास्तरांची नजर माझ्या कमरेवर होती. "केवढा उतरलास रे," ते म्हणाले.

"बघितलंत? मापच बघतात!" आईचा आवाज चढला. "माझं एकच पोरगं आहे. जित्या माणसाचं झाड लावता? मेलेल्यांच्या रांगेत? आत्ताच्या आत्ता तोडा, नाहीतर मी तोडते."

ती आत शिरली. कटिंगची मोठी कात्री ओट्यावर पडली होती, ती उचलली आणि मागच्या दाराने बागेत गेली. मास्तर तिच्या मागे. मी भिंत धरत धरत त्यांच्या मागे. पवार, शिंदे, लीलाकाकी सगळे गुडघे वाकवून उभे. आईने कात्री उघडून सीताफळाच्या बुंध्याला लावली आणि मास्तर झाडाला पाठ लावून उभे राहिले. दोन्ही हात पसरून. त्यांचे हात फांद्यांपेक्षा बरेच आखूड होते.

"वहिनी, हा सुध्या नाही," ते म्हणाले. "हा आमचा मिलिंद आहे."

आईची कात्री तशीच उघडी राहिली.

"मेलेल्याला पँट आहे, बघा तुम्ही. पँट लावली म्हणजे डिलिव्हरी झाली. ह्याच्या खाली आहे का पँट? ह्याला मी तांब्याने पाणी घालतो. रोज, माझ्या हाताने. स्वतःच्या वाटणीचं." मास्तर भराभर बोलत होते, इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "ट्रायलची पँट घालून गेला हो तो. कच्चा टाका होता. मी बोललो, काढ, पक्की मारतो, आणि त्यावरनंच भांडण झालं. आता कुठे असेल, केवढा झाला असेल, मला काय कळणार? मला गल्लीतल्या सगळ्यांचं माप ठाऊक आहे, वहिनी. माझ्या पोराचंच नाही. म्हणून ह्याचं घेतो. दोघं एका मापाची पोरं. ह्याची कंबर अर्धा इंच वाढली तर त्याची पण वाढली असेल. मग मी तार सरकवतो. सकाळी तिच्याजवळ, लिंबापाशी जाऊन सांगतो, तुझा पोरगा बत्तीस झाला."

थेंब पडत होते. आईने कात्री मिटली आणि जवळचा तांब्या उचलून ती नळाशी गेली. नळाला पाणी नव्हतं. तो दिवसच नळाचा नव्हता. मग ती आमच्या घरी गेली, आमच्या हंड्यातून तांब्या भरून आणला आणि सीताफळाच्या मुळाशी हळूहळू ओतला.

मी बरा झालो. पथ्याचा कंटाळा आला, पण बरा झालो. अंग मात्र लवकर भरलं नाही.

दिवाळी जवळ आली तरी त्या वर्षी मास्तरांची हाक आली नाही. मिलिंदचं गुपित फुटल्यावर त्यांना संकोच वाटला असावा. मीच गेलो. बागेत ते सीताफळाची कोवळी फळं खुडत होते. "अजून फळ राहू देत नाही," म्हणाले. "आधी अंग भरू दे." मी त्यांच्यासमोर हात पसरून उभा राहिलो.

त्यांनी खिशातून टेप काढली. खांदा घेतला. बाही घेतली. कमरेशी आले आणि थांबले. टेप सैल पडत होती.

"तू आजारी पडलास," मास्तर म्हणाले. "तो थोडाच पडलाय. हे धरायचं नाही." मग खालच्या आवाजात, "की पडला असेल?"

मला एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं. शाळेत मी आणि मिलिंद एका डब्यातलं खायचो. तो माझ्यापेक्षा जास्त खायचा.

"मास्तर, पुन्हा घ्या," मी म्हटलं. "मी वाकडा उभा होतो."

मास्तरांनी पुन्हा कमरेला टेप लावली. मी श्वास आत ओढला, पोट होतं नव्हतं तेवढं पुढे काढलं आणि तसाच धरून राहिलो. टेप घट्ट झाली. त्यांनी आकडा बघितला. मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्यांची नजर खांद्यापाशी न थांबता वर आली आणि त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मी दम कोंडून लाल झालो होतो.

त्यांना कळलं होतं. चाळीस वर्षं कंबरा मोजलेला माणूस, त्याला कळणार नाही?

"बरं खातोय म्हणजे," मास्तर म्हणाले, आणि कमरेची तार अर्धा इंच सैल करायला वाकले.